कोश्चूश्को: आडनाव दुर्मीळ, पण घराणं एकच असेलच असं नाही

सिडनीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियातलं सर्वांत उंच शिखर, माउंट कॉझिअस्को, ते चढून आले. नंतर कळलं की शेजारच्या पोलिश बाईंचं माहेरचं आडनाव हेच आहे. बाई सांगतात की त्या अठराव्या शतकातला पोलिश राष्ट्रवीर जनरल तादेउश कोश्चूश्को याच्या वंशातल्या, आणि त्यांच्या आजीच्या मते हे नाव चर्चसाठीच्या पोलिश शब्दावरून आलं. हे आडनाव खरंच किती दुर्मीळ आहे, त्याचं मूळ काय, आणि वंशाचा दावा कितपत धरायचा?

पोलिश दफ्तरं वाचणं आणि लोकांना त्यांची घराणी शोधून देणं हे माझं रोजचं काम आहे. हे आडनाव माझ्या विशेष आवडीचं, कारण त्यात पोलंड, लिथुआनिया आणि बेलारूस या तिन्ही देशांचा इतिहास गुंतलेला आहे.

आधी उच्चार, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. ऑस्ट्रेलियात म्हणतात त्या ‘कॉझिअस्को’चा मूळ उच्चाराशी फारसा संबंध उरलेला नाही. पोलिश उच्चार ‘कोश्चूश्को’, जोर मधल्या ‘चू’वर. रोमन लिपीत दहा अक्षरं: के, ओ, मग डोक्यावर तिरपी रेघ असलेला एस, सी, आय, यू, मग एस आणि झेड मिळून एक ध्वनी, आणि शेवटी के, ओ. यातली रेघ आणि झेड ही दोन ठिकाणं परदेशी लिहिणाऱ्यांनी हमखास चुकवली आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जनरल कोश्चूश्को जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात इंजिनिअर होता, आणि खुद्द वॉशिंग्टनच्या पत्रांत त्याचं नाव नाना तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. शिखराला हे नाव 1840 मध्ये पावेव एडमंड स्त्शेलेत्स्की या पोलिश प्रवाशाने दिलं, कारण त्याला तो डोंगर क्राकूव शहरात जनरलच्या स्मरणार्थ माती रचून केलेल्या कोश्चूश्को टेकाडासारखा दिसला. पण त्यातला झेड नकाशावर अधिकृतपणे आला तो 1997 मध्ये. रेघ अजूनही नाही.

आता मूळ. पोलिश आडनाव म्हटलं की आपल्याला ‘स्की’ आठवतं. ते बहुतेक वेळा गावावरून आलेलं विशेषण असतं, आपल्या ‘कर’सारखं. कोश्चूश्को त्या जातीचं नाहीच. ते एका माणसाच्या नावाचं लाडकं रूप आहे, आणि ते नाव म्हणजे कोन्स्तान्तीन. पूर्वेकडच्या स्लाव्ह बोलींत कोन्स्तान्तीनचं घरगुती रूप होतं कोस्त्या. त्याला ‘उश्को’ हा लाडाचा प्रत्यय लागला की कोस्त्यूश्को. हा प्रत्यय आजच्या बेलारूस आणि युक्रेनच्या पट्ट्यातला. संगीतकार स्तानिस्वाव मोन्यूश्को याचं आडनावही याच घडणीचं, आणि तोही मिन्स्कजवळच्या गावात 1819 मध्ये जन्मला. ही आडनावं नकाशावर मांडली तर पोलंडच्या आजच्या पूर्व सीमेच्या दोन्ही बाजूंना गर्दी करतात. वायव्येच्या पोमेरानियात किंवा पोझ्नान्यच्या चर्चांमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या वह्यांत ती शोधून सापडत नाहीत.

‘कोस्त्यू’चं ‘कोश्चू’ कसं झालं? पोलिश भाषेत मृदू ‘त’ टिकत नाही, तो ‘च’कडे सरकतो, आणि त्याच्या आधीचा ‘स’ही ओढला जाऊन ‘श’ होतो. म्हणून रुथेनियन (आजच्या बेलारूसी आणि युक्रेनियन भाषांचं जुनं रूप) ‘कोस्त्यूश्को’ पोलिश लेखनिकाच्या हातून ‘कोश्चूश्को’ होऊन बाहेर पडलं. हा एखाद्या लेखनिकाचा लहरीपणा नव्हता, भाषेचा नियमित बदल होता. बेलारूसी भाषेतही त्या जागी ‘त’ मऊ होऊन ‘स्त्स’सारखा ऐकू येतो. म्हणजे एकाच आडनावाची तीन रूपं तीन भाषांत नांदतात, आणि तिन्ही बरोबर आहेत.

या व्युत्पत्तीला नुसत्या ध्वनींचा आधार असता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. पण इथे कागद आहे. 1509 मध्ये राजा झिग्मुंट पहिला याने आपल्या दरबारातल्या कोन्स्तान्ती फ्योदोरोविच नावाच्या माणसाला श्येख्नोविचे हे गाव दिलं. फ्योदोरोविच म्हणजे फ्योदोरचा मुलगा. ते आडनाव नव्हे, बापाचं नाव. या कोन्स्तान्तीला दरबारात कोस्त्यूश्को म्हणत. त्याच्या पुढच्या पिढ्यांनी बापजाद्याचं ते हाकेचं नाव उचललं, गावाचं नाव त्याला जोडलं, आणि घराणं कोश्चूश्को-श्येख्नोवित्स्की म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पुढे गावाचा भाग गळत गेला आणि हाकेचं नाव उरलं. एखादं आडनाव ज्या माणसापासून सुरू झालं तो माणूस नावानिशी, सालानिशी दाखवता येणं हे पोलिश नामशास्त्रात फार थोड्या वेळा घडतं.

श्येख्नोविचे आज बेलारूसमध्ये आहे, ब्रेस्त प्रांतात झाबिंकाजवळ. त्या काळी तो लिथुआनियाच्या महाड्यूकशाहीचा मुलूख होता, आणि तिथल्या दरबाराची भाषा होती रुथेनियन, लिपी सिरिलिक. पोलिश तिथे अधिकृत भाषा झाली 1697 मध्ये. म्हणजे पोलंडच्या सर्वांत लाडक्या राष्ट्रवीराचं आडनाव पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा ते रोमन अक्षरांत नव्हतंच. पोलंडमध्ये हे सांगितलं की काहींना थोडं टोचतं, बेलारूसमध्ये सांगितलं की लोक खूश होतात. दोन्ही देशांचा त्याच्यावर हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

आता आजींची चर्चची गोष्ट. पोलिशमध्ये चर्चला ‘कोश्चुव’ म्हणतात. ऐकायला जवळचं वाटतं, म्हणून ही समजूत अनेक घरांत आहे. पण कोश्चुवपासून जी आडनावं झाली त्यांच्यात ‘ल’ कायम राहतो: कोश्चेल्नी, कोश्चेल्न्याक, कोश्चेल्स्की. त्यातली बरीचशी चर्चमध्ये घंटा वाजवणारा, मेणबत्त्या सांभाळणारा जो सेवक असे त्याच्यावरून आली. आपल्या आडनावात त्या ‘ल’चा मागमूस नाही. दुसरी समजूत हाडाची. हाड म्हणजे ‘कोश्च’, आणि पोलिशमध्ये ‘उश्को’ लावून छोटेपणा दाखवण्याची रीत आहेच. हृदयाचं ‘सेर्दुश्को’ होतं तसं. म्हणून पोलिश माणसाच्या कानाला कोश्चूश्को हे ‘हाडूक’ असल्यासारखं वाटू शकतं. दिसायला पटणारं, पण 1509 चा कोन्स्तान्ती समोर असताना हाडाकडे जायचं कारणच उरत नाही. आडनावाचा अर्थ आजच्या शब्दकोशात शोधायचा नाही. ते पहिल्यांदा कुठल्या बोलीत, कुणाच्या तोंडी होतं ते शोधायचं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ प्रश्नांत गोंधळ याच एका गोष्टीचा असतो.

नात्यातली खरी आडनावं वेगळीच दिसतात. कोस्त्यूक, कोस्त्यूचूक, कोश्चूक, कोश्चूचिक, कोश्चूक्येविच ही सगळी त्याच कोस्त्याची लेकरं. शेवटचे प्रत्यय निरनिराळे, कारण ते प्रदेश आणि जातीपातीनुसार बदलत. ‘ऊक’ आणि ‘चूक’ हे पोद्लासिए (आजचा पूर्व पोलंड) आणि वोविन्याच्या (आजचा वायव्य युक्रेन) शेतकऱ्यांत, ‘विच’ हे बापाच्या नावावरून, आणि सरंजामी घराण्यांतही. कोन्स्तान्तीन हे ऑर्थोडॉक्स आणि युनिएट (उपासना पूर्वेकडची, पण पोपला मानणाऱ्या) ख्रिश्चनांत लोकप्रिय नाव होतं, कारण बायझंटाइन सम्राट कोन्स्तान्तीनला पूर्वेकडच्या चर्चमध्ये संताचा मान आहे. रोमन कॅथलिक पोलंडात त्याची चलती कमी. आडनाव पूर्वेकडेच का उगवलं याचं उत्तर इथे मिळतं.

आणि शेजारणीच्या दाव्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्टही इथेच आहे. ज्या मुलखात गावोगाव कोस्त्या होते, तिथे कोस्त्यूश्को हे हाकेचं नाव एकाच घरात पडलं असेल असं कसं धरायचं? श्येख्नोविच्याचा दरबारी कोस्त्यूश्को कागदावर आला कारण त्याला राजाने जमीन दिली. त्याच वेळी किंवा शंभर-दोनशे वर्षांनी दुसऱ्या एखाद्या गावातल्या शेतकऱ्याला शेजारी कोस्त्यूश्को म्हणत असतील, आणि पाद्र्याने वहीत तेच लिहिलं असेल, तर त्याच्याही वंशजांचं आडनाव हेच झालं. शेतकऱ्यांची आडनावं स्थिर झाली ती उशिरा, सतराव्या-अठराव्या शतकात, आणि पूर्वेकडे त्याहूनही नंतर. किती सहज नाव बदलायचं याचं एक उदाहरण खुद्द कोश्चूश्कोच्याच चरित्रात आहे. त्याने रशियाविरुद्ध केलेल्या उठावात, 4 एप्रिल 1794 ला, रात्स्वावित्सेच्या लढाईत लांब दांड्याचे विळे घेतलेल्या शेतकऱ्यांनी रशियन तोफांवर झडप घातली. त्यांतल्या वोय्चेख बार्तोश या शेतकऱ्याला कोश्चूश्कोने मोठा मान दिला, आणि तेव्हापासून तो बार्तोश ग्वोवात्स्की झाला. एका लढाईत माणसाचं आडनाव बदललं.

म्हणून दुर्मीळ आडनाव म्हणजे एकच घराणं, हे समीकरण मी कधीच मान्य करत नाही. गावावरून आलेलं आडनाव असेल आणि त्या नावाचं गाव एकच असेल, तर ते बरंचसं खरं ठरतं. माणसाच्या नावावरून आलेलं असेल तर नाही, मग ते कितीही थोड्या लोकांचं असो.

आता मोजणीकडे. पोलंडमध्ये 1979 पासून प्रत्येक नागरिकाला पेसेल नावाचा अकरा आकडी क्रमांक मिळतो, आणि त्या नोंदणीवरून आडनावांची गणती होते. सरकार आडनावांच्या याद्या खुल्या करतं, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. सर्वांत मोठं आडनाव नोवाक, दोन लाखांच्या आसपास लोक. पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या घरात आणि वेगवेगळी आडनावं चार लाखांहून अधिक, म्हणजे बहुतेक आडनावं थोड्याच लोकांची असणार हे उघड आहे. कोश्चूश्को त्यांतलं, त्याची मोजणी शेकड्यांत होते, हजारांत नाही. ज्या नावाचा रस्ता पोलंडच्या जवळजवळ प्रत्येक शहरात आहे, ते नाव दाराच्या पाटीवर मात्र क्वचित दिसतं.

मोजताना काय बघायचं ते सांगतो, कारण इथे लोक हमखास घसरतात. ‘स्की’वाल्या आडनावात बाईचं रूप ‘स्का’ होतं, दोन्ही ओळी मिळवाव्या लागतात. कोश्चूश्कोत आज बाई आणि पुरुष दोघांचं रूप एकच, पण याद्या दोन असल्यामुळे बेरीज करायचीच. जोड आडनावं, म्हणजे लग्नानंतर बाईने दोन्ही ठेवलेली, स्वतंत्र ओळीत येतात. रेघ नसलेलं ‘कोसचूश्को’ असं रूप परदेशातून परत आलेल्या कुटुंबांत असू शकतं, तेही वेगळं मोजलं जातं.

आकड्याइतकाच महत्त्वाचा त्याचा नकाशा. काझीम्येश रिमुत या भाषाशास्त्रज्ञाने 1990 च्या सुमाराच्या पेसेल नोंदीवरून आडनावांचा दहा खंडांचा कोश केला. त्यात प्रत्येक आडनावासमोर एकूण संख्या आणि तेव्हाच्या 49 प्रांतांपैकी कुठे किती ते दिलेलं असतं. आता क्राकूवच्या पोलिश भाषा संस्थेचा इंटरनेटवरचा कोशही आहे, त्यात व्युत्पत्तीसुद्धा मिळते. पण हे नकाशे वाचताना 1945 विसरायचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेला सरकली, आणि पूर्वेकडच्या मुलखातून पंधरा लाखांच्या आसपास लोक गाड्या भरून व्रोत्स्वाव, श्चेचिन, ओल्श्तिन अशा भागांत आणून वसवले गेले. त्यामुळे एखादं पूर्वेकडचं आडनाव आज व्रोत्स्वावजवळ दाट दिसलं, तर ते तिथलं नसून तिथे उतरवलेलं आहे. जे मागे राहिले त्यांचे वंशज आज बेलारूस, लिथुआनिया, युक्रेनचे नागरिक आहेत. पेसेलमध्ये ते येतच नाहीत.

हे आडनाव इतकं कमी का, याला एक कायदेशीर कारणही आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. पोलंडमध्ये आडनाव बदलायला अर्ज करता येतो, पण 17 ऑक्टोबर 2008 च्या कायद्याप्रमाणे संस्कृती, विज्ञान, राजकारण, समाजकार्य किंवा सैनिकी कामगिरीमुळे गाजलेलं ऐतिहासिक आडनाव घेता येत नाही. अर्जदाराच्या कुटुंबात ते आडनाव आधीपासून असेल तरच अपवाद. म्हणजे कुणाला वाटलं आपण कोश्चूश्को व्हावं, तर होता येत नाही. नोवाक वाढतो, कोश्चूश्को फक्त जन्माने आणि लग्नाने. मला हा नियम योग्य वाटतो.

आता वंशाचा दावा. तादेउश कोश्चूश्को 4 फेब्रुवारी 1746 ला मेरेचोव्श्चिझ्ना इथे जन्मला, ल्युद्विक कोश्चूश्को आणि तेक्ला रातोम्स्का यांच्या पोटी. 15 ऑक्टोबर 1817 ला स्वित्झर्लंडमधल्या झोलोथुर्नमध्ये वारला. त्याने लग्न केलं नाही. तेव्हा ‘जनरलचे थेट वंशज’ हे वाक्य आडनावाच्या जोरावर कुणालाच म्हणता येत नाही. त्याच्या बहिणींपैकी आन्ना एस्त्को घरात पडली आणि कातार्झिना झुव्कोव्स्की घरात, म्हणजे त्याच्या रक्ताच्या सर्वांत जवळच्या लोकांची आडनावं कोश्चूश्को नव्हतीच. आज कोश्चूश्को आडनाव असलेला माणूस एकतर त्या घराण्याच्या एखाद्या दूरच्या फांदीतला असेल, किंवा दुसऱ्याच कोस्त्यूश्कोपासून आलेला. दोन्ही शक्यता सन्मानाच्या आहेत. कोश्चूश्कोने 7 मे 1794 च्या पोवान्येत्सच्या जाहीरनाम्यात शेतकऱ्यांची वेठ कमी केली आणि 1798 च्या मृत्युपत्रात आपली अमेरिकेतली मिळकत गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यासाठी ठेवली. असा माणूस, आपल्या नावाचा कुणी साधा शेतकरी निघाला म्हणून नाक मुरडणारा नव्हता.

बाईंच्या घरात चिन्हाची गोष्ट निघाली, म्हणजे ‘आमचं राजचिन्ह अमुक’, तर जपून. पोलंडमध्ये एक चिन्ह अनेक घराणी वापरत. या घराण्याचं चिन्ह ‘रोख तिसरा’ म्हणून ओळखलं जातं. पण तेच आडनाव आहे म्हणून तेच चिन्ह आपलं, असं होत नाही. बाजारात आडनाव सांगितलं की चौकटीत बसवलेलं चिन्ह विकणारे भेटतात. त्यात पैसे घालू नयेत. एकोणिसाव्या शतकात झारच्या सरकारने पोलिश सरदारांना सरदारकी कागदाने सिद्ध करायला लावली. ती प्रकरणं आजही दफ्तरांत आहेत आणि त्यांत वंशावळी असतात. मोठ्या उपयोगाच्या, पण सावधपणे वाचायच्या, कारण गाजलेल्या घराण्याला आपली फांदी चिकटवून देण्याचा मोह तेव्हाही होताच.

शोधायचं कसं ते सांगतो. सुरुवात जनरलपासून नाही, आजीपासून करायची. आजीचा जन्म कुठल्या गावात, त्यांचा धर्म कुठला, कॅथलिक, युनिएट की ऑर्थोडॉक्स, आणि 1945 च्या आसपास कुटुंब कुठून कुठे आलं. धर्म विचारायला लोक संकोचतात, पण त्याशिवाय कुठली वही उघडायची ते कळत नाही. त्या मुलखात युनिएट चर्च 1839 मध्ये झारने मोडून ऑर्थोडॉक्समध्ये मिळवलं, म्हणून आजोबांचे आजोबा एका धर्माच्या वहीत आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या धर्माच्या वहीत, असं एका घरात सर्रास दिसतं.

पोलंडमधल्या गावांसाठी गेनेतेका हा स्वयंसेवकांनी उभा केलेला नोंदींचा साठा आणि सरकारी दफ्तरखान्याचं ‘शुकाय व अर्खिवाख’ हे संकेतस्थळ, दोन्ही फुकट. सीमेपलीकडच्या गावांच्या काही वह्या वॉर्सात आल्या आहेत; अलीकडच्या वह्या तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयात मिळतात. बाकीचं बेलारूसच्या मिन्स्क आणि ग्रोद्नो इथल्या ऐतिहासिक दफ्तरखान्यांत. नोंदणी कार्यालयातली जन्माची नोंद शंभर वर्षांनी आणि लग्न-मृत्यूची ऐंशी वर्षांनी सर्वांना खुली होते. त्याआधीची हवी असेल तर बाईंनी स्वतः नातं दाखवून अर्ज करायचा.

वही हातात आली की आडनाव सरळ समोर येत नाही. हे नीट लक्षात ठेवा. पोलिशमध्ये आडनावालाही विभक्ती लागते. वाक्यात ‘कोश्चूश्कोचा मुलगा’ असेल तर कागदावर दिसतं ‘कोश्चूश्की’. ‘कोश्चूश्कोला’चं होतं ‘कोश्चूश्त्से’. कुटुंबाविषयी असेल तर ‘कोश्चूश्कूव’. क्राकूवच्या टेकाडाचं पोलिश नावसुद्धा ‘कोप्येत्स कोश्चूश्की’ आहे. नवखा माणूस कोश्चूश्की हे वेगळं आडनाव समजून पान उलटतो. जुन्या नोंदीत बायकोला ‘कोश्चूश्कोवा’ आणि अविवाहित मुलीला ‘कोश्चूश्कूव्ना’ म्हटलेलं असतं. ही दोन्ही रूपं एकाच घरातली, आणि त्यावरून बाई सून आहे की लेक हे बाकी काही न वाचता कळतं. झारच्या काळातल्या रशियन वहीत तेच नाव सिरिलिकमध्ये ‘कोस्त्यूश्को’ असं असतं, म्हणजे 1509 चंच रूप पुन्हा वर येतं. तिथून ते रोमनमध्ये उतरवणाऱ्याने एकतर ‘त’ ठेवला किंवा पोलिश ‘च’ केला, आणि सख्ख्या भावांच्या मुलांची आडनावं कागदावर दोन झाली. म्हणून शोधताना कोस्त्यूश्को आणि कोश्चूश्को दोन्ही टाका, रेघेसकट आणि रेघेशिवाय.

डीएनए चाचणीचं विचारलं जातंच. दोन कोश्चूश्को पुरुष एकाच पितृवंशातले आहेत की नाहीत हे वाय गुणसूत्राच्या चाचणीतून कळू शकतं. हे बाईंचं माहेरचं आडनाव आहे, म्हणून चाचणी त्यांच्या भावाची किंवा चुलतभावाची करावी लागेल. पण आधी कागद. गाव आणि चर्चचं नाव हाती नसताना केलेली चाचणी फार तर ‘पूर्व युरोप’ एवढंच सांगते, आणि ते आडनावाने आधीच सांगितलेलं आहे.

बाईंना एवढंच विचारा: आजोबांचा किंवा पणजोबांचा जन्म झाला त्या गावाचं नाव, आणि 1945 नंतरचा एखादा पुनर्वसनाचा कागद घरात आहे का. तो सहसा घडी घातलेला, शिक्के असलेला असतो आणि त्यावर कुटुंबातल्या माणसांची नावं, वयं आणि सोडलेलं गाव लिहिलेलं असतं. गाव ब्रेस्त, कोब्रिन किंवा झाबिंकाच्या आसपास निघालं तर श्येख्नोविच्याच्या घराण्याशी ताडून बघण्यात अर्थ आहे. त्यापासून लांबचं निघालं, तर त्या गावच्या वह्या उघडायच्या आणि तिथला पहिला कोस्त्यूश्को कोण ते मागे मागे जात बघायचं.